अग्निपथ, जुना आणि नवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून टाकतो, खाली शेवटासकट सगळं फोडलंय, त्यामुळे बघायचा राहिला असेल तर आधी बघून या आणि मग वाचा. जुना म्हणजे १९९० चा, मुकुल आनंदचा, अमिताभवाला. नवा म्हणजे २०१२ चा, करण मल्होत्राचा, हृतिकवाला. प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय.

दोन्हीची स्टोरी एकच आहे ना?

सांगाडा एकच. मांडवा नावाचं गाव, तिथले मास्तर दीनानाथ चव्हाण, गावात धंदा घुसवायला बघणारा काँचा चीना, मास्तरांवर खोटा आळ, चिडलेला गाव आणि गावादेखत मास्तरांचा शेवट. मुलगा विजय हे सगळं डोळ्यांनी बघतो, आईबरोबर मुंबईत येतो, गुन्हेगारीत मोठा होतो आणि शेवटी परत मांडव्याला जाऊन हिशोब चुकता करतो. इथपर्यंत दोन्ही सारखे. पण मधला मालमसाला बराच वेगळा आहे, आणि 'जुना बघितलाय म्हणजे नवा बघायची गरज नाही' असं म्हणणाऱ्यांनी एक तर जुना नीट बघितलेला नसतो नाहीतर नवा बघितलेलाच नसतो.

जुन्यात काँचाला गाव हवंय ते ड्रग्जच्या तस्करीसाठी अड्डा म्हणून, आणि गावातला जमीनदार दिनकर राव त्याला सामील असतो. नव्यात काँचा हा गावच्या मुखियाचाच मुलगा, आणि डोळा आहे मिठागराच्या जमिनीवर, तोंडाने मिठाचं नाव आणि मनात कोकेन. नव्याचा काळ पण ठरवून दिलाय, १९७७ चं मांडवा आणि मग १५ वर्षांनी १९९२ ची मुंबई.

मग खरा फरक काय आहे, एका वाक्यात सांगा

जुना विजय आईशी भांडतोय आणि नवा विजय काँचाशी.

एका वाक्यात नाही कळलं, जरा सविस्तर सांगा

बरं. जुन्यात नीट बघा, काँचा चीना पडद्यावर किती वेळ असतो? तो येतोच उशिरा. त्याआधी दीड-दोन तास पिक्चर चाललाय कशावर, तर विजय कमावून आणतो आणि आई ते घेत नाही यावर. सुहासिनी चव्हाण त्याला एकच गोष्ट सांगतेय की तुझ्या बापाला हे चाललं नसतं. आणि हा पठ्ठ्या तिला पटवायला बघतोय की मी जे करतोय ते बापासाठीच करतोय. दोघंही मास्तरांचंच नाव घेऊन भांडतात, आणि प्रॉब्लेम असाय की दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. मध्ये तर आईखातर काँचाला कायद्याच्या वाटेने अडकवायचा प्रयत्न पण होतो, तो फसतो, आणि मग उरतो तोच जुना मार्ग. शेवटी मांडवा पेटलंय, काँचा संपलाय, अंगात गोळ्या आहेत, आणि हा माणूस आगीतून वाट काढत जातो कुठे तर आईच्या मांडीवर डोकं ठेवायला. बदला केव्हाच पुरा झालाय, पण आईने एकदा आपलं म्हणावं एवढ्यासाठी त्याचा जीव अडकलाय. माझ्या मते हा पिक्चर बदल्याचा आहे हे पोस्टरवर लिहायला ठीक आहे, आत मामला रुसलेल्या आईचा आहे.

नव्यात हे सगळं आहे, पण मागच्या बाकावर. तिथे आई पोराला टाकून मुलीला घेऊन वेगळी राहते, बहीण शिक्षाला तर आपल्याला भाऊ आहे हेच माहीत नाही, आणि भाऊ तिचा वाढदिवस तिच्याशिवायच वस्तीत साजरा करतो. हा सीन मला जाम आवडतो, उगाच रडारड नाही, केक आहे, लोक आहेत, फक्त जिचा वाढदिवस तीच नाहीये. पण एवढं सोडलं तर नवा विजय सरळ रेषेत काँचाकडे चाललाय. वडाच्या ज्या झाडाला बापाला लटकवलं त्याच झाडाला काँचाला लटकवायचं, बस. पिक्चरची पहिली पंधरा-वीस मिनिटं बघितली की शेवट काय होणार ते कळतं, आणि तरी माणूस खुर्चीला चिकटून बसतो, ते श्रेय दिग्दर्शकाला द्यायला पाहिजे.

आधी कुठला बघू?

जुना. नवा आधी बघितला तर जुना संथ वाटेल आणि मारामाऱ्या आताच्या हिशोबाने बाळबोध वाटतील. दोन्ही तीन तासांच्या आसपास आहेत, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही लावायचा उत्साह दाखवू नका, दुसऱ्याच्या इंटरव्हलपर्यंत कोण कोणाचा बदला घेतोय तेच कळेनासं होतं.

मांडवा खरंच आहे का?

हे विचारणारे लोक अजून भेटतात आणि प्रत्येक वेळी मजा वाटते. आहे की! रायगड जिल्हा, अलिबाग तालुका. गेटवे ऑफ इंडियाहून लाँच किंवा कॅटामरान पकडली की तासाभराच्या आत मांडवा जेट्टी, तिथून बसने वीसेक किलोमीटरवर अलिबाग. मुंबईतल्या अर्ध्या लोकांची अलिबागची ट्रिप मांडव्यावरूनच होते आणि जेट्टीवर उतरल्यावर ग्रुपमधला एक जण तरी घसा खरवडून विजय दीनानाथ चव्हाण होतोच होतो, त्याला थांबवायच्या फंदात पडू नका. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पण सुरू झालीय, म्हणजे गाडी बोटीत घालून थेट मांडव्याला उतरता येतं. नाहीतर रस्त्याने पनवेल-पेण-वडखळ करत जायचं, शंभरेक किलोमीटर, आणि वडखळला ट्रॅफिक लागलं की काँचापेक्षा जास्त शिव्या तुम्ही रस्त्याला घालाल.

पिक्चरमधलं मांडवा आणि खरं मांडवा यांचा संबंध नावापुरताच. खरं मांडवा म्हणजे जेट्टी, नारळ-सुपारीच्या वाड्या, आजूबाजूला शहरातल्या पैसेवाल्यांचे वीकेंडचे बंगले. पिक्चरमध्ये विजयला जे गाव रक्त सांडून परत मिळवायचंय तिथल्या जमिनीचे भाव आता बघितले तर तो पण दोन पावलं मागे सरकला असता.

एक गोष्ट मात्र पिक्चरवाल्यांनी अचूक पकडली. मांडवा मुंबईच्या समोरच आहे, मध्ये फक्त खाडीचं तोंड आणि समुद्र. म्हणजे विजय मुंबईत कितीही मोठा झाला तरी त्याचं गाव दूर देशी नाहीये, समोरच्या किनाऱ्यावर आहे, आणि तरी त्याला तिथे जायला आयुष्य लागतं. भूगोल माहीत असलेल्या माणसाला हे जास्त टोचतं. उत्तरेकडच्या प्रेक्षकाला मांडवा म्हणजे कुठलं तरी दूरचं गाव वाटत असणार.

शूटिंग तिथेच झालंय का?

नव्यातलं मांडवा दीवला उभं केलंय. तुम्हाला जे खडक आणि जो समुद्र दिसतो तो कोकणातला नाहीच. लाल माती नाही, माडांची गर्दी नाही, सगळं करडं, रखरखीत, राखेच्या रंगाचं. कोकणी माणसाला ते खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. पण पिक्चरला गाव नको होतं, लंका पाहिजे होती, आणि लंका म्हणून ते जमलंय.

अमिताभच्या आवाजाची काय भानगड होती?

अमिताभने या रोलसाठी आवाज बदलला. घोगरा, खरवडलेला, घशात काहीतरी अडकल्यासारखा, मार्लन ब्रँडोची आठवण करून देणारा. आता ज्या माणसाचा आवाज हीच त्याची अर्धी इस्टेट त्याने तोच बदलल्यावर काय होणार? लोकांना वाटलं थिएटरचा साउंडच बिघडलाय. तक्रारी आल्या आणि मग त्याच्या नेहमीच्या आवाजात परत डबिंग करावं लागलं. म्हणून कोणी सांगतं 'मी बघितला त्यात आवाज नॉर्मल होता' आणि कोणी सांगतं 'घोगरा होता', त्यावरून भांडू नका, दोघंही खरं बोलत असतील.

मला विचाराल तर घोगरा आवाजच बरोबर. तो स्वतःचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव आणि वय पार तासांपर्यंत मोजून सांगतो तो सीन नेहमीच्या खर्जात ऐकला की अमिताभ ऐकू येतो, आणि घोगऱ्यात ऐकला की विजय चव्हाण. त्यात त्याच्या वयाची गंमत अशी की कॅरेक्टर ३६ वर्षांचं आणि अमिताभ तेव्हा ४७ चा. डोळ्यांत काजळ, अंगात सूट आणि चेहऱ्यावर असा थकवा की जणू हा माणूस लहानपणापासून झोपलेलाच नाही.

जुना खरंच पडला होता का? आता तर सगळे क्लासिक म्हणतात

पडला होता. १६ फेब्रुवारी १९९० ला आला आणि खर्चाच्या आणि अपेक्षेच्या मानाने चालला नाही. निर्माते यश जोहर यांना ते चांगलंच लागलं होतं, आणि त्यांच्या मुलाने, करण जोहरने, २०१२ ला परत काढला तो त्या हळहळीपोटीच. यश जोहर २००४ मध्ये गेले, त्यांना नव्याचं यश बघायला मिळालं नाही.

का पडला याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. आवाजाचं वर सांगितलंच. दुसरं म्हणजे अमिताभचे तेव्हा दिवस वाईट होते, १९८४ ला अलाहाबादहून खासदार झाला, १९८७ ला राजीनामा देऊन बाहेर पडला, परत आला तर १९८९ ला तूफान, जादूगर असे एकापाठोपाठ एक आपटले. लोकांना जुना अँग्री यंग मॅन पाहिजे होता आणि यात तो अँग्री होता पण यंग नव्हता, जिंकत नव्हता, आईसमोर हरत होता. टाळ्या वाजवायला आलेल्या पब्लिकला टाळ्यांच्या जागाच सापडेनात. नंतर टीव्हीवर आणि व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी निवांत बघितला तेव्हा त्याची किंमत कळली. एका पिढीला तो थिएटरमुळे नाही, टीव्हीमुळे पाठ आहे.

पण नॅशनल अवॉर्ड मिळालं होतं ना?

हो, अमिताभला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार याच पिक्चरसाठी. त्याच्या इतक्या गाजलेल्या रोल्सनंतर मिळाला तो या पडलेल्या पिक्चरला, म्हणजे बघा. त्या वर्षीचं अभिनेत्याचं फिल्मफेअर मात्र सनी देओलला गेलं, घायलसाठी. अग्निपथला फिल्मफेअर मिळालं ते मिथुन चक्रवर्ती आणि रोहिणी हट्टंगडी यांना, सहायक भूमिकांसाठी.

विजयची आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी खरंच अमिताभपेक्षा लहान आहेत?

आहेत, साधारण साडेआठ वर्षांनी. त्यांचा जन्म १९५१ चा, अमिताभचा १९४२ चा. आणि बाप झालेला आलोक नाथ तर अमिताभपेक्षा १४ वर्षांनी लहान! पण बाप फक्त लहान विजयबरोबर दिसतो, त्यामुळे ते खपून जातं. आईला मात्र आख्खा पिक्चर आपल्याहून मोठ्या आणि डोकंभर उंच माणसाची आई दिसायचं होतं. बाईंनी केस पांढरे करून काम भागवलेलं नाही. विजय घरात आला की त्या त्याच्याकडे बघतच नाहीत, काम करत राहतात, आणि तो सहा फुटी माणूस तेवढ्याने लहान होऊन जातो. त्यांचं आईपण त्या न बघण्यात आहे. नव्यात हा रोल झरीना वहाबने केलाय, वाईट नाही केलाय, पण तिला लिहूनच कमी दिलंय.

लहान विजय झालेला मुलगा कोण, हे पण विचारतात. मास्टर मंजुनाथ, मालगुडी डेजमधला स्वामी.

नव्यात कृष्णन अय्यर का नाही?

कारण त्याला ठेवला असता तर नव्याचा मूडच बिघडला असता. मिथुनचा नारळपाणीवाला एम. ए. हा जुन्या पिक्चरचा श्वास आहे, सगळं घुसमटलेलं असताना लुंगी सावरत हा येतो आणि जरा बरं वाटतं. त्याची बोली, ती हिंदी, आज बघितली तर दाक्षिणात्य माणसाची टर उडवल्यासारखी वाटते हे पण खरं, आणि कोणी त्यावर नाक मुरडलं तर मी वाद घालणार नाही. पण कॅरेक्टर भेकड किंवा विदूषक नाहीये. मरायला टाकलेल्या विजयला हॉस्पिटलात नेणारा तोच आहे.

नव्यात बहीण खूपच लहान, १५ वर्षांची केलीय, म्हणजे जुन्यातला तिच्या आणि कृष्णन अय्यरच्या प्रेमप्रकरणाचा ट्रॅकच उडाला, आणि तो उडाला की कृष्णन अय्यरला कामच उरत नाही. त्याच्या जागी विजयच्या बाजूने आली काली गावडे, प्रियांका चोप्रा, ब्युटी पार्लर चालवणारी, सतत बडबडणारी. लग्नाच्याच दिवशी तिचा जीव जातो. ते फार अंगावर येतं, पण खरं सांगायचं तर तिला मारायलाच आणलं होतं हे लांबून दिसतं. जुन्यातली नर्स मेरी, म्हणजे माधवी, तिलाही फार काही नाहीये तसं. बायकांच्या बाबतीत दोन्ही पिक्चर आई सोडून हात आखडता घेणारे.

काँचा चीना कोणाचा भारी, डॅनी की संजय दत्त?

यावर मित्रांत हातघाईवर येतात. संजय दत्तचा काँचा दिसायला भयंकर आहे, टक्कल, भुवया गायब, अंगावर गोंदण, तोंडात गीता, आणि आरशाचा तिटकारा कारण लहानपणी दिसण्यावरून पोरं छळायची. एकदा बघितला की विसरत नाही. पण तो राक्षस आहे, आणि राक्षसाला मारताना प्रेक्षकाला काही वाटत नाही.

डॅनीचा काँचा इस्त्रीच्या सुटात मॉरिशसला बसलेला, हळू बोलणारा बिझनेसमन आहे. त्याने मास्तरांना संपवलं ते रागाने नाही, धंद्यात आडवे आले म्हणून, आणि नंतर विसरून पण गेला. विजय समोर येऊन बसतो तरी त्याला हा कोण ते ठाऊक नाही. विचार करा, तुम्ही ज्याच्या नावाने आख्खं आयुष्य जाळलंत त्याच्या खिजगणतीतही तुम्ही नाही. माझं मत डॅनीला.

आणि रौफ लाला?

तो जुन्यात नाही, नव्यासाठी नवीन लिहिलाय. ऋषी कपूर, ज्याला लोकांनी जन्मभर स्वेटर घालून गाणी म्हणताना बघितलं, तो डोळ्यांत सुरमा घालून डोंगरीत पोरींचा लिलाव मांडतो. नव्या पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त किळस काँचाची नाही, या माणसाची येते, कारण हा गल्लीतला वाटतो. पोरींच्या बाजारात शिक्षाला उभं करतात तो भाग बघवत नाही, आणि मग विजय लालाला संपवतो तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या त्या उगाच नाही. ऋषी कपूरने उशिरा का होईना दाखवून दिलं की त्याला आयुष्यभर फुकट गुलाब धरायला लावले. अजून एक, काँचाचा सूर्या नावाचा माणूस आहे त्याला नीट बघा, पंकज त्रिपाठी आहे, तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं.

ती कविता पिक्चरसाठीच लिहिलीय का?

नाही, ती हरिवंशराय बच्चन यांची, पिक्चरच्या कितीतरी आधीची, आणि पिक्चरचं नाव तिच्यावरून. म्हणजे बापाच्या कवितेवर मुलाचा पिक्चर. पडद्यावर पण तेच, बाप मुलाला ती कविता शिकवतो. कवितेत काय आहे तर आजूबाजूला झाडं कितीही घनदाट असोत, एका पानाचीही सावली मागू नकोस, थकू नकोस, मागे वळू नकोस. मास्तर हे शिकवतात ते सत्याच्या वाटेवर चटके सोसायला. पोराने त्यातली सोसायची ताकद घेतली आणि वाट स्वतःची निवडली, आणि आई आयुष्यभर हेच ओरडतेय की अरे बापाने हे नव्हतं शिकवलं. दोन्ही पिक्चरमध्ये कविता आहे पण जुन्यात ती भांडणाचं कारण आहे, नव्यात ती सजावट आहे, चांगली सजावट आहे पण सजावटच.

चिकनी चमेली म्हणजे कोंबडी पळालीच ना?

होय हो, तीच. २००६ च्या जत्रामधलं कोंबडी पळाली, केदार शिंदेचा पिक्चर, भरत जाधव आणि क्रांती रेडकर, गाणं लिहिलं जितेंद्र जोशीने, गायलं आनंद शिंदे आणि वैशाली सामंतने. संगीत अजय-अतुलचं, आणि २०१२ च्या अग्निपथचं संगीत पण अजय-अतुलचंच, त्यामुळे कोणी चोरी म्हणत असेल तर त्याला सांगा की आपलीच चाल आपणच वापरली. हिंदीत शब्द अमिताभ भट्टाचार्यचे, आवाज श्रेया घोषालचा, पडद्यावर कतरिना.

आपल्या वऱ्हाडांत अजूनही कोंबडी पळालीच वाजतं आणि ते योग्यच आहे. पुढे सैराटच्या झिंगाटचं पण २०१८ ला असंच हिंदी केलं, अग्निपथवाल्याच प्रॉडक्शनने, धडकसाठी. पण अजय-अतुलचं अग्निपथमधलं खरं काम चिकनी चमेली नाहीच. सोनू निगमचं 'अभी मुझ में कहीं' ऐका, हेडफोन लावून. मारधाडीच्या पिक्चरमध्ये एवढं हळवं गाणं ठेवायला धाडस लागतं.

गणपतीचं गाणं कुठल्यात चांगलं?

देवा श्री गणेशा, नव्यातलं, अजय गोगावलेचा आवाज. जुन्यात पण गणपतीचं गाणं आहे, लक्ष्मीकांत-प्यारेलालचं, सुदेश भोसले आणि कविता कृष्णमूर्ती आहेत त्यात, विसर्जनाचं आहे, आणि ठेका मस्तच आहे. पण देवा श्री गणेशा वाजल्याशिवाय आता कुठल्याच मंडळाची मिरवणूक पुढे सरकत नाही. ढोल-ताशा वाजवणाऱ्या माणसाने बांधलेलं गाणं आणि ढोल-ताशा ऐकून बांधलेलं गाणं यात फरक असतो तो इथे कळतो, शेवटी शेवटी आवाज फाटेल की काय असं वाटत राहतं आणि तो फाटत नाही.

चव्हाणांचं घर मराठी वाटतं का?

नावं सगळी मराठी, चव्हाण, गायतोंडे, गावडे, बोरकर. बोलणं सगळं हिंदी, आई आणि मुलगा एकमेकांशी पण हिंदीत, ते हिंदी पिक्चरमध्ये चालायचंच. जुन्यात रोहिणी हट्टंगडी, कमिशनर गायतोंडे झालेले विक्रम गोखले, अण्णा शेट्टी झालेला दीपक शिर्के, अशी आपली माणसं आहेत म्हणून वास तरी मराठी येतो. नव्यात बोरकर म्हणून सचिन खेडेकर आहे, पण कमिशनर गायतोंडे ओम पुरी. ओम पुरी म्हणजे ओम पुरीच, तक्रार नाही, तरी गोखल्यांचा गायतोंडे मला जास्त आपला वाटतो. विजयला लहानपणापासून ओळखणारा, त्याला पकडायला पाहिजे हे माहीत असणारा आणि तरी आतून त्याच्यासाठी तुटणारा माणूस त्यांनी फक्त बोलण्यातल्या पॉजवर उभा केला.

हा स्कारफेसवरून ढापलाय असं म्हणतात

१९८३ च्या स्कारफेसची छाप जुन्यावर आहे, गुन्हेगार मुलाला उंबऱ्यावरच तोडणारी आई, बहिणीवरून वेडा होणारा भाऊ, हे मिळतंजुळतं आहे. पण स्कारफेसच्या हिरोला, टोनी मोंटानाला, सगळं जग पाहिजे होतं. विजयला एक गाव पाहिजे. आणि तिकडे बापाचा विषयच नाही, इथे बाप मेल्यानंतरही सगळ्यात जास्त बोलतो तोच. त्यामुळे ढापलाय म्हणणं अति आहे. काही सीन उचललेत, स्टोरी नाही.

लहान मुलांना दाखवू का?

जुना दहावीच्या पुढच्यांना चालेल, रक्त आहे पण नव्वदच्या स्टाइलचं. नवा नको. बापाला झाडाला लटकवलेलं पोरगं बघतंय, पोरींचा लिलाव, शेवटची मारामारी तर अशी की हाडं मोडल्याचा आवाज आपल्याच पाठीत येतो. मोठ्यांतही कोणाला हे सहन होत नसेल तर आग्रह करू नका.

विजयला शेवटी का मारलं? जगवला असता तर काय बिघडलं असतं?

जगून करणार काय होता? आईबरोबर मांडव्यात चहा घेत बसला असता का? आणि गायतोंडेला त्याला बेड्या घालाव्याच लागल्या असत्या, एवढे खून पडलेत त्याच्या नावावर. शिवाय जिवंत विजयला आईने जवळ घेतलं असतं याची मला खात्री नाही.

याचा पुढचा भाग काढता येईल का?

विजय मेला, काँचा मेला, नव्यात लाला पण मेला आणि काली पण. उरल्या आई, शिक्षा आणि गायतोंडे. कोणी शिक्षा मोठी होऊन मांडव्यात शाळा काढते असा पिक्चर काढला तर मी पहिल्या दिवशी जाईन, पण त्याला ॲक्शन म्हणून कोण पैसे लावणार!